रुमालाखालचा भाव : क्रूझच्या आदल्या आणि नंतरच्या मुक्कामासाठी खोलीची बोली

पुण्याच्या मंडईत दिवेलागणीनंतर पालेभाजीचा भाव उतरतो, आणि तो का उतरतो हे तेथे नेहमी जाणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागत नाही. सकाळी टवटवीत असलेली मेथीची जुडी रात्रभर टिकणार नाही हे विक्रेत्याला आणि गिऱ्हाइकाला सारखेच ठाऊक असते, म्हणून गाळा आवरण्याच्या वेळी उरलेल्या मालाचे वाटे लागतात आणि सकाळच्या भावाचा हट्ट सुटतो. हॉटेलची खोली हा मेथीहूनही नाशवंत माल आहे. शिळी मेथी दुसऱ्या दिवशी निदान पडत्या भावाने तरी खपते, पण पंधरा तारखेच्या रात्री रिकामी राहिलेली खोली सोळा तारखेला कोणत्याही किमतीला विकता येत नाही. उलट ती खोली कोणी घेतली तर हॉटेलला पडणारा वाढीव खर्च चादरी धुण्याचा, सफाईचा, विजेचा आणि पाण्याचा तेवढाच असतो, त्यामुळे त्या खर्चाच्या वर मिळणारा प्रत्येक रुपया हॉटेलला हवाच असतो. क्रूझला, म्हणजे काही दिवसांच्या समुद्रसहलीला, निघालेल्या प्रवाशाला जहाज सुटण्याच्या आदल्या रात्री किंवा जहाजावरून उतरल्यानंतरच्या रात्री स्वस्तात चांगली खोली मिळू शकते ती या एका कारणामुळे, आणि बोलीचे पुढचे सर्व नियम याच कारणातून निघतात.

तरीही हॉटेल उघडपणे भाव पाडत नाही, कारण तीच खोली पूर्ण दराने घेऊन बसलेले प्रवासी लगेच फरक मागतील आणि नेहमीचे गिऱ्हाईक पुढच्या वेळी पडत्या भावाची वाट पाहत थांबेल. यावर निघालेला तोडगा महाराष्ट्रातील जुन्या बाजारपेठांना अनोळखी नाही. धान्याच्या आणि गुरांच्या बाजारात हत्ता नावाची पद्धत होती. तीत दलाल आणि व्यापारी हातांवर रुमाल किंवा उपरणे टाकून त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि भोवती उभ्या असलेल्या कोणालाही, पुष्कळदा माल आणणाऱ्या शेतकऱ्यालासुद्धा, सौदा कितीला पटला हे कळत नसे. १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आणि त्याखालील नियम यांनी बाजार समित्यांत उघड लिलाव बंधनकारक केला तो हाच रुमाल काढून टाकण्यासाठी. इंटरनेटवरील खोल्यांच्या बाजाराने मात्र रुमाल पुन्हा आणला, फक्त त्याखाली भावाऐवजी दुकानाचे नाव झाकले : शहराचा भाग, हॉटेलची श्रेणी आणि किंमत कळते, पण हॉटेल कोणते हे पैसे भरल्यानंतरच उघड होते. अशा विक्रीला अपारदर्शक विक्री म्हणतात.

या व्यवहाराचे सर्वांत गाजलेले रूप अमेरिकेतील प्राइसलाइन या कंपनीने १९९८ मध्ये आणले. आरंभी विमानतिकिटांसाठी आणि त्याच वर्षी हॉटेलांसाठी तिने ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ अशी सोय दिली. प्रवासी शहरातील विभाग, ताऱ्यांची श्रेणी आणि स्वतःची किंमत नोंदवी, कार्डाचा तपशील आधीच देई, आणि त्या विभागातील एखाद्या हॉटेलाने कळवून ठेवलेल्या किमान दरापेक्षा बोली वर असली की सौदा तत्क्षणी पक्का होऊन पैसे वळते होत. ते परत मिळत नसत. बोली नाकारली गेली तर त्याच अटींवर लगेच दुसरी बोली लावता येत नसे, काहीतरी बदलावे लागे. अनुभवी प्रवाशांनी यातून एक वाट शोधली होती : ज्या विभागात चार तारे असलेले एकही हॉटेल नाही असा विभाग आपल्या मागणीत जोडायचा, म्हणजे अट बदलल्यामुळे नवी बोली लावण्याचा हक्क मिळतो, पण नकोशा जागी खोली मिळण्याचा धोका मात्र वाढत नाही. विमानतिकिटांची ही सोय २०१६ मध्ये बंद झाली आणि खोल्यांच्या बोलीची जागाही पुढे ठरावीक किमतीच्या झाकलेल्या सौद्यांनी घेतली. आज प्राइसलाइनचे एक्स्प्रेस डील्स, हॉटवायरचे हॉट रेट आणि लास्टमिनिटची टॉप सीक्रेट हॉटेले ही त्याच कुळातील आहेत. काही सौद्यांत तीन हॉटेलांची नावे दाखवून त्यांपैकी एक मिळेल एवढेच सांगितले जाते, आणि झाकलेल्या सौद्यांतला हा प्रकार नवख्या माणसासाठी सर्वांत बरा, कारण तिन्हींपैकी सर्वांत गैरसोयीचे हॉटेल चालत असेल तरच पुढे जावे एवढा एकच विचार त्याला पुरतो.

बोली लावण्यापूर्वी आदली रात्र आणि नंतरची रात्र यांतील फरक मनात पक्का करावा लागतो, कारण या दोन रात्रींना एकच माप लावणाऱ्यांचेच नुकसान अधिक होते. जहाज ठरल्या वेळी धक्का सोडते आणि मागे राहिलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. प्रवाशांनी चढण्याची शेवटची वेळही सुटण्याच्या बरीच आधी असते. म्हणून आदल्या रात्रीच्या खोलीचा खरा उपयोग झोपण्यापुरता नसून, विमानाला उशीर झाला किंवा सामान मागे राहिले तरी सावरायला वेळ मिळावा हा आहे. या रात्रीसाठी जागा आणि खात्री यांना पैशापेक्षा अधिक वजन द्यावे. विभाग बंदराला लागून असेल तरच झाकलेला सौदा घ्यावा आणि शंका असेल तर उघड नावाचे, रद्द करता येणारे बुकिंग बरे. नंतरच्या रात्री मागे कोणतीही वेळ लागलेली नसते, विमान दुसऱ्या दिवशीचे असते आणि हॉटेल दोन किलोमीटर इकडे निघाले काय किंवा तिकडे, फारसे बिघडत नाही. बोलीचा धोका पत्करायचा तो या रात्रीच्या खोलीवर.

मंडईच्या परिसरातून मुंबईच्या जहाजासाठी निघणाऱ्याला तर आदल्या रात्रीची खोली लागतेच असे नाही. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्यांसाठी सुटते आणि बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. हा धक्का छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून टॅक्सीने थोड्या मिनिटांवर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मंडईच्या भुयारी मेट्रो स्थानकातून सिव्हिल कोर्टला गाडी बदलून पुणे रेल्वे स्थानक गाठता येते, तेथून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास मुंबईत पोहोचते, आणि जहाज दुपारनंतरचे असेल तर त्या दोन-चार तासांसाठी रात्रभराची खोली घेणे हा वाया गेलेला खर्च आहे. बोरघाटात दरड कोसळण्याची भीती असलेल्या पावसाळी दिवसांत, किंवा बरोबर वृद्ध आणि लहान मुले असताना, आदल्या दिवशी जाणे शहाणपणाचे. मात्र भारतातील नेहमीच्या बुकिंग संकेतस्थळांवर ग्राहकाने भाव सांगण्याची रीत रुजलेली नाही, तेव्हा तेथे मंडईची जुनी घासाघीस कामी येते. फोर्ट आणि कुलाबा भागातील दोन-तीन हॉटेलांच्या आरक्षण कक्षाला थेट दूरध्वनी करून, संकेतस्थळावर दिसणारा दर सांगून, त्याहून कमी किंवा त्याच दरात न्याहारी मिळेल काय असे विचारावे, कारण संकेतस्थळाला द्यावे लागणारे कमिशन वाचले की हॉटेलला त्यातला काही भाग सोडणे परवडते. येथे जीएसटीचा एक उंबरठा लक्षात ठेवण्याजोगा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के कर लागतो. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला, दोनशे रुपयांच्या फरकाचे जवळजवळ बाराशे होतात. दर या उंबरठ्याच्या जवळ असेल तर शंभर-दोनशे रुपयांसाठी शब्द टाकताना संकोच करू नये.

खरी गरज परदेशातून सुटणाऱ्या जहाजांसाठी असते, आणि तेथे सर्वांत मोठी चूक किमतीत होत नाही, विभाग निवडताना होते. क्रूझच्या जाहिरातीतील शहराचे नाव आणि जहाज प्रत्यक्ष सुटते ते बंदर यांत पुष्कळ अंतर असू शकते. रोमची क्रूझ चिविटावेक्कियाहून सुटते, आणि ते बंदर रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. लंडनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फेऱ्या साउदॅम्प्टनहून निघतात, ते अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर जाते. व्हेनिसच्या ऐतिहासिक कालव्यातून मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून मनाई झाल्यामुळे व्हेनिस म्हणून छापलेल्या काही सहली रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथून सुरू होतात. अशा ठिकाणी शहराच्या मध्यभागी मिळालेली स्वस्त खोली दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीभाड्यात आपली सवलत परत करून टाकते. म्हणून तिकिटावर टर्मिनलचे पूर्ण नाव पाहावे, ते नकाशावर शोधावे आणि मगच बोलीच्या संकेतस्थळावरचा विभाग उघडावा. विभागाचे नाव वाचून थांबू नये, त्याची नकाशावर काढलेली हद्द पाहावी, कारण ‘विमानतळ परिसर’ किंवा ‘मध्य शहर’ या नावाखाली कंपनी तिला हवा तेवढा भाग घेते आणि हॉटेल त्या हद्दीच्या कोणत्याही कोपऱ्यात निघू शकते.

मराठी कुटुंबे ज्या दोन शहरांतून सर्वाधिक सोयीने क्रूझवर जाऊ शकतात, त्या सिंगापूर आणि दुबईतही एकाहून अधिक धक्के आहेत. सिंगापूरला मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंट येथील सिंगापूर क्रूझ सेंटर अशी दोन टर्मिनले आहेत. शाकाहारी जेवणाच्या सोयीमुळे आणि ओळखीच्या वातावरणामुळे अनेक भारतीय प्रवासी लिटल इंडियात उतरतात, आणि जहाज हार्बरफ्रंटचे असेल तर ही निवड चांगली ठरते, कारण ईशान्य मार्गावरील एमआरटी, म्हणजे तेथील मेट्रो, लिटल इंडियाहून थेट हार्बरफ्रंटला जाते. जहाज मरीना बेचे असेल तर मात्र डोबी घॉट येथे गाडी बदलून मरीना साउथ पिअर गाठावे लागते, आणि चार बॅगा, एक व्हीलचेअर व झोपाळलेली मुले यांच्यासह ते अवघड जाते. दुबईतील जुने राशिद बंदर बर दुबईला लागून आहे, जेथे भारतीय खाणावळी हाकेच्या अंतरावर मिळतात. २०२१ मध्ये सुरू झालेले दुबई हार्बर टर्मिनल मात्र मरीना आणि पाम जुमेराच्या बाजूला, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. अमेरिकेत मायामी आणि फोर्ट लॉडरडेलचे पोर्ट एव्हरग्लेड्स ही शेजारची बंदरे एकमेकांपासून चाळीस-एक किलोमीटरवर आहेत, आणि न्यूयॉर्कची म्हणून ओळखली जाणारी जहाजे मॅनहॅटन, ब्रुकलिन आणि न्यू जर्सीतील केप लिबर्टी अशा तीन ठिकाणांहून सुटतात. न्यू जर्सीत नातलग असलेल्या मराठी घरांनी केप लिबर्टीच्या जहाजासाठी मॅनहॅटनमधील झाकलेली खोली घेण्याचे काही कारण नाही.

विभाग ठरला की भावाचा अभ्यास सुरू होतो. मंडईत शिरणारे जाणते गिऱ्हाईक पहिल्याच गाळ्यावर खरेदी करत नाही. एक फेरी मारून भाव ऐकते, मग परत फिरते. खोलीसाठीही हीच फेरी मारावी : त्या विभागात, त्या श्रेणीत, त्या तारखेला उघड नावाने मिळणाऱ्या किमान पाच-सहा हॉटेलांचे दर करांसह लिहून काढावेत आणि प्रत्येकाचे दोन दर घ्यावेत, एक रद्द करता येणारा आणि दुसरा पैसे परत न मिळणारा. झाकलेल्या सौद्याची तुलना या दुसऱ्या दराशी करावी, कारण झाकलेला सौदाही रद्द होत नाही. कंपन्या मात्र आपली सवलत पहिल्या दराच्या तुलनेत मोठी करून दाखवतात. समजा, रद्द करता येणारी खोली करांसह १०,००० रुपयांना, तीच परत न मिळणाऱ्या दराने ८,८०० ला आणि त्याच श्रेणीची झाकलेली खोली ७,९०० ला मिळत आहे. जाहिरात एकवीस टक्के सवलत सांगेल, पण प्रत्यक्षात वाचतात नऊशे रुपये, आणि त्यांच्या बदल्यात हॉटेल निवडण्याचा हक्क जातो. हॉटेल धक्क्यापासून लांब निघाले तर एका टॅक्सीतच त्यांतले बरेचसे संपतात. उघड पण परत न मिळणाऱ्या दरापेक्षा किमान चतुर्थांश स्वस्त असेल, म्हणजे या उदाहरणात ६,६०० रुपयांच्या आत असेल, तरच झाकलेली खोली घ्यावी. हा एक-चतुर्थांशाचा दंडक कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही. न निवडलेल्या जागेत राहण्याची गैरसोय त्याहून कमी पैशात विकू नये, एवढाच त्यामागचा विचार आहे.

जेथे प्रवाशाला स्वतःचा आकडा सांगायचा असतो तेथे आणखी एक गोष्ट उमजून घ्यावी लागते. लिलावाचे दोन प्रकार येथे कामाचे आहेत. उघड लिलावात इतरांच्या बोली ऐकू येतात, त्यामुळे विजेता दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा थोडेसेच अधिक देतो. बंद पाकिटाच्या बोलीत मात्र प्रत्येक जण अंधारात आकडा लिहितो आणि विजेत्याला स्वतःचाच आकडा पुरता भरावा लागतो, मग विकणारा कितीही कमीला राजी असो. भाव सांगण्याची सोय ही दुसऱ्या प्रकारात मोडते. अर्थशास्त्रात ‘विजेत्याचा शाप’ नावाची एक संकल्पना आहे. तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या तीन अमेरिकी अभियंत्यांनी ती १९७१ मध्ये मांडली, आणि तिचा आशय असा की ज्याने वस्तूची किंमत सर्वांत जास्त फुगवून धरली तोच अशा बोलीत जिंकतो. खोलीच्या बोलीत याचे घरगुती रूप दिसते : पहिलीच बोली क्षणात स्वीकारली गेली तर ती बहुधा गरजेपेक्षा मोठी होती. म्हणून पहिला आकडा नाकारला जाईल इतका कमी ठेवावा, मग लहान पायऱ्यांनी चढावे, आणि वरची मर्यादा बोली सुरू करण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावी. कागद यासाठी, की तीन-चार नकारांनंतर माणूस खोलीचा विचार सोडून जिंकण्याच्या मागे लागतो. बाजार समितीच्या लिलावात उभे राहणारे मुरलेले अडते हा मोह ओळखतात, नवखा प्रवासी सहसा ओळखत नाही.

वेळेचाही हिशेब आहे. आदल्या रात्रीच्या खोलीसाठी रद्द करता येणारे उघड बुकिंग विमानतिकिटाबरोबरच करून ठेवावे आणि मग शेवटच्या तीन-चार आठवड्यांत झाकलेले दर पाहत राहावेत. चांगला सौदा मिळाला तर जुने बुकिंग मुदतीत रद्द करावे, नाही मिळाला तर डोक्यावर छप्पर आहेच. ही दुहेरी व्यवस्था रद्द करण्याची शेवटची तारीख दिनदर्शिकेवर टिपली तरच सुरक्षित राहते. मात्र शहरात मोठा सोहळा असेल तर शेवटपर्यंत थांबू नये. सिंगापूरच्या फॉर्म्युला वन शर्यतीचा आठवडा, दुबईतील नववर्षाची रात्र किंवा बार्सिलोनाचे मोबाइल अधिवेशन अशा दिवसांत खोल्या उरतच नाहीत, आणि माल उरणार नसेल तर वाटे लागत नाहीत.

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांसाठी एक अडचण अशी आहे, जी पाश्चात्त्य देशांत लिहिल्या गेलेल्या सल्ल्यांत सापडत नाही. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो आणि व्हिसा मिळेलच याची हमी नसते. व्हिसा हातात येण्यापूर्वी परत न मिळणारी खोली घेणे म्हणजे नकाराचा तोटा दुप्पट करून घेणे होय. अर्ज खऱ्याखुऱ्या, रद्द करता येणाऱ्या बुकिंगवर करावा, व्हिसा मिळाल्यावर बोलीचा विचार करावा, आणि खोली बदलली तर त्याच शहरातील नव्या मुक्कामाची पावती प्रवासात जवळ ठेवावी, कारण सीमेवरचा अधिकारी ती मागू शकतो. जहाज शेंगेन क्षेत्राबाहेरच्या बंदराला जाऊन परत येते तेव्हा दुसऱ्यांदा प्रवेश होतो, हेही ध्यानात घ्यावे. अशा सहलीला एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर नंतरच्या रात्रीची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्यापर्यंत पोहोचता येणार नाही.

खोलीत किती माणसे राहतील हा प्रश्न मराठी कुटुंबाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. झाकलेला सौदा सामान्यतः दोन प्रौढांच्या खोलीची हमी देतो. पलंग एक मोठा असेल की दोन वेगळे, जादा गादी मिळेल काय, दोन खोल्या शेजारी असतील काय, यांपैकी कशाचीही हमी नसते. आई-वडील, दोन मुले आणि आजी-आजोबा असे सहा जण निघाले असतील तर तीन झाकलेल्या खोल्या तीन वेगवेगळ्या मजल्यांवर मिळू शकतात, आणि गुडघेदुखी असलेल्या आजींना नातवंडांपासून दूर ठेवून वाचवलेले पैसे कोणालाच गोड लागत नाहीत. अशा कुटुंबाने उघड नावाच्या हॉटेलात कौटुंबिक खोली किंवा स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. बोली हा प्रकार जोडप्यांसाठी आणि एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी आहे.

पैसे भरताना शेवटच्या पडद्यापर्यंत जाऊनच बेरीज पाहावी. सिंगापुरात दरापुढे अधिकची दोन चिन्हे दिसली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि, १ जानेवारी २०२४ पासून, ९ टक्के जीएसटी चढतो. दुबईत हॉटेलच्या श्रेणीप्रमाणे खोलीमागे प्रत्येक रात्री ७ ते २० दिरहॅम इतका पर्यटन दिरहॅम द्यावा लागतो, तर रोम, बार्सिलोना यांसारख्या शहरांत माणशी नगरकर आहे, आणि तो पुष्कळदा हॉटेलच्या काउंटरवरच भरायचा असतो. अमेरिकेत रिसॉर्ट शुल्काच्या नावाखाली मागाहून रक्कम वाढवण्याची वाईट खोड होती; मे २०२५ पासून तेथील संघराज्य व्यापार आयोगाच्या नियमाने अशी सक्तीची शुल्के आरंभीच्याच किमतीत दाखवणे बंधनकारक झाले, ही प्रवाशांच्या दृष्टीने मोठी सुधारणा आहे. भारतीय कार्डाने परकी चलनात पैसे भरले तर बँक सहसा २ ते ३.५ टक्के मार्क-अप लावते आणि त्या मार्क-अपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन टक्क्यांचे चार टक्क्यांहून थोडे अधिक होतात. संकेतस्थळाने ‘रुपयांत भरा’ असा पर्याय दिला तर तो मोहक वाटतो, पण त्यातला विनिमयदर विक्रेत्याने ठरवलेला आणि बहुधा महाग असतो. स्थानिक चलनातच पैसे भरणे सहसा स्वस्त पडते. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून त्याची मर्यादा बोलीच्या रकमेइतकीच ठेवावी, कारण अनेक परदेशी संकेतस्थळे ओटीपी न मागता पैसे वळते करतात आणि चुकून दाबलेले एक बटण म्हणजे पक्का सौदा असतो.

खोलीच्या बोलीचे एक भावंड आता जहाजावरही आले आहे. रॉयल कॅरिबियनची रॉयल-अप ही सोय बुकिंग केलेल्या प्रवाशाला वरच्या श्रेणीच्या केबिनसाठी बोली लावू देते, आणि इतर कंपन्यांकडेही तशाच योजना आहेत. तिच्यातील एक अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते : आकडा माणशी असतो आणि तो दोन माणसांसाठी धरला जातो, त्यामुळे शंभर डॉलरची बोली म्हणजे केबिनमागे दोनशे डॉलर. बोली स्वीकारली जाईपर्यंत बदलता किंवा मागे घेता येते, स्वीकारल्यावर नाही. आणि नवी केबिन जहाजाच्या कोणत्या भागात मिळेल हे प्रवाशाच्या हाती राहत नाही. समुद्र लागण्याचा त्रास असलेल्याने मधल्या, खालच्या मजल्यावरची आपली साधी केबिन सोडून पुढच्या टोकाच्या उंच बाल्कनीसाठी बोली लावू नये, कारण जहाज सर्वांत जास्त हलते ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर.

ज्या मंडईपासून हा हिशेब सुरू केला, तिची देखणी दगडी इमारत रे मार्केट या नावाने १८८६ मध्ये सुरू झाली. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवण्याचा आग्रह धरला होता. १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. लोकांचा पैसा कशावर जातो हे विचारणाऱ्या माणसाचे नाव बाजाराला असावे, यात मोठे औचित्य आहे, आणि बोलीच्या पडद्यासमोर बसलेल्या प्रवाशानेही तोच प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायला हवा.

सौदा पक्का होऊन हॉटेलचे नाव उघड झाले की एका दिवसाने हॉटेलला थेट दूरध्वनी करावा किंवा ई-पत्र पाठवावे, आरक्षण त्यांच्या नोंदीत पारपत्रावरील नावाप्रमाणेच पोहोचले आहे याची खात्री करावी, आणि दोन पलंगांची, खालच्या मजल्याची किंवा शांत खोलीची विनंती त्याच वेळी नम्रपणे नोंदवावी; ती मान्य करण्याचे बंधन हॉटेलवर नसते, पण आगाऊ विचारणाऱ्याला नकार देणे त्यांनाही जड जाते. शेवटी नंतरच्या रात्रीची घड्याळे जुळवून पाहावीत. जहाज सकाळी लवकर धक्क्याला लागते आणि नऊ-दहापर्यंत प्रवाशांना उतरवून टाकते, कारण त्याच दिवशी त्याला नवे प्रवासी घ्यायचे असतात. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन-तीनला मिळते. मधल्या पाच तासांसाठी सामान ठेवून घेणार का, आणि लवकर खोली देण्याचे वेगळे शुल्क आहे का, हे त्याच दूरध्वनीत विचारून घ्यावे, म्हणजे आठ दिवसांच्या समुद्रप्रवासानंतर वृद्धांना हॉटेलच्या दिवाणखान्यात बॅगांवर टेकून बसावे लागणार नाही.